सण आणि शाळा

संक्रांत जवळ आली की प्राथमिक शाळांच्या भिंती पतंगांनी सजू लागतात. घोटीव कागदाचे पतंग, कापसाचा हलवा, फळ्यावर रंगीत खडूने काढलेली तिळगुळाची वाटी आणि तिच्याखाली सुवाच्य अक्षरांत लिहिलेला शुभसंदेश, असा सारा थाट असतो. मुले नवे कपडे घालून येतात, लाडू वाटले जातात, छायाचित्र निघते, आणि दुसऱ्या दिवशी गणिताचा तास जेथे थांबला होता तेथूनच पुन्हा सुरू होतो. हा सोहळा निरुपद्रवी आहे, यात शंका नाही. परंतु त्या दिवशी मूल काय शिकले, असा प्रश्न कोणी विचारला तर कातरकामाखेरीज सांगण्यासारखे काही उरत नाही. आणि ते कातरकामही पुष्कळदा त्याच्या आईने आदल्या रात्री जागून केलेले असते.

सणाची ही अशी वासलात लावणे म्हणजे हाती आलेली मोहोर ओळखता न येऊन ती खेळात उडवून टाकण्यासारखे आहे. सण हा एखाद्या समाजाने शेकडो वर्षे जपलेल्या निरीक्षणांचा साठा असतो. आकाशाकडे पाहून काढलेले अनुमान त्यात असते, शेतात काय पिकले याची नोंद असते, गावात कोणकोणते धंदे चालतात याची ओळख असते, आणि गावाने काय भोगले याची आठवणही असते. हे सारे मुलाच्या घरी, त्याच्या ताटात आणि त्याच्या अंगणात आयतेच आलेले असते. शिक्षकाने ते वर्गात नीट मांडून मात्र दाखवावयास हवे.

या दृष्टीने सोलापूरच्या शिक्षकाइतका भाग्यवान शिक्षक विरळा. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येतात आणि प्रत्येक भाषेबरोबर तिचे सणही नांदतात. त्यांत सर्वांत मोठा उत्सव म्हणजे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांची यात्रा. तिला सोलापूरकर ‘गड्डा’ या नावाने ओळखतात. बाराव्या शतकात होऊन गेलेले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे महात्मा बसवेश्वरांच्या काळातले. त्यांनी लोकांच्या श्रमाने येथे तलाव खोदविला आणि शहराच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा सांगते. संक्रांतीच्या मागच्यापुढच्या दिवसांत मानाचे सात नंदीध्वज वाजतगाजत निघतात. त्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. तलावाकाठच्या संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा होतो. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेल्या भक्तांनी रस्ते फुलून जातात.

आता या यात्रेतून तिसरी-चौथीच्या वर्गाला किती पाठ मिळतात ते पाहावे. अडुसष्ट लिंगांपैकी आपल्या घराच्या जवळ कोणते आहे, ते प्रत्येक मुलाने घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे आणि वर्गातील मोठ्या कागदावर तलाव मध्यभागी काढून त्याच्या भोवती ती जागा दाखवावी. दिशा कोणती, अंतर किती, वाटेत कोणती पेठ लागते, हे ठरविताना मुलांत वाद होतील. ते होऊ द्यावेत. नकाशा म्हणजे काय हे पुस्तकातील व्याख्या पाठ करून जे कळत नाही ते या वादातून कळते. उंच काठीचा तोल माणूस कसा सांभाळतो, हे पट्टीवर खोडरबर ठेवून पाहता येते. बाराबंदी हे नाव का पडले असावे, याचा शोध मुले बंद मोजूनच घेतील.

परंतु संक्रांतीचा खरा पाठ आकाशाचा आहे, आणि नेमका तोच शाळांतून शिकविला जात नाही. आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथींवर चालतात, म्हणून दरसाल त्यांच्या इंग्रजी तारखा बदलतात. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. हे सांगण्यापेक्षा दाखविणे सोपे आहे. शाळेच्या अंगणात सपाट जागी एक मीटर उंचीची काठी उभी रोवावी आणि डिसेंबरच्या अखेरच्या दहा दिवसांपासून दर आठवड्याला तिची दुपारची सर्वांत आखूड सावली खडूने आखून ठेवावी. पहिले आश्चर्य त्याच दिवशी पदरात पडते. घड्याळात बारा वाजतात, तरी सावली आखूड होतच राहते. ती सर्वांत आखूड होते साडेबाराच्या अलीकडेपलीकडे. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाच्या सूर्यावर लावलेले आहे आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेला सुमारे सहा-साडेसहा अंशांवर आहे; एका अंशाला चार मिनिटे, हा हिशेब पाचवीचे मूल सहज करील.

दुसरे आश्चर्य संक्रांतीच्या दिवशी. २२ डिसेंबरला या काठीची मध्यान्हीची सावली सुमारे ८७ सेंटिमीटर भरते आणि १४ जानेवारीला सुमारे ८१ सेंटिमीटर. म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळला तो संक्रांतीला नव्हे, त्याच्या तीन आठवडे आधीच! मग आजोबा उत्तरायण संक्रांतीपासून का सांगतात? याचे उत्तर असे की, पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अतिशय सावकाश डुलतो. त्यामुळे सूर्याचा मकर राशीतील प्रवेश सुमारे सत्तर वर्षांना एक दिवस याप्रमाणे ऋतूंच्या मानाने पुढे सरकत गेला आहे. साधारण सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडत होत्या. आजोबांचे बोलणे त्या काळच्या आकाशाविषयी खरे आहे आणि मुलाच्या खडूची रेघ आजच्या आकाशाविषयी खरी आहे. लहान वर्गांना एवढे स्पष्टीकरण देण्याची घाई करू नये. त्यांनी रेघा आखल्या तरी पुरे. ज्या दिवशी ही सावली जवळजवळ नाहीशी होते तो दिवस सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. तेव्हा शाळेला सुटी असते हे खरे, पण सूर्याला नसते.

तिळाचे दाणे हे गणिताचे उत्तम साधन आहे. एका चमच्यात किती तीळ मावत असतील, याचा अंदाज प्रथम प्रत्येकाने पाटीवर लिहावा. मग चिमूटभर तीळ मोजावेत, तराजूवर ते किती भरतात ते पाहावे आणि त्यावरून चमच्याचा हिशेब करावा. एका ग्रॅमला साधारण तीनशे ते चारशे दाणे भरतात. अंदाज आणि उत्तर यांत केवढे अंतर पडते, हे पाहून मुले स्वतःच हसतात. तीळ कागदावर चुरडला की तेलाचा डाग उमटतो. थंडीत स्निग्ध पदार्थ का खावेत, हा आरोग्याचा पाठ त्या डागापासून सुरू करता येतो.

गड्ड्यात भाकणुकीचा एक विधी असतो. उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्ये व अन्य पदार्थ मांडतात आणि त्याच्या वागण्यावरून येत्या वर्षाच्या पावसापाण्याचे भाकीत सांगतात. काही शिक्षक त्याची वर्गात थट्टा करतात, काही ते भाविकपणे ऐकवितात. दोन्ही टाळावे. ज्या जिल्ह्यात पाऊस मुळात कमी आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात पडतो, तेथील शेतकऱ्याला जानेवारीतच पुढच्या पावसाची चिंता का लागते, हे मुलांना समजले पाहिजे. भाकणूक वहीत लिहून ठेवावी आणि जूनपासून शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून पावसाची रोजची नोंद करावी. सरळ बाजूंचा डबा आणि सेंटिमीटरची पट्टी एवढ्यावर हे काम भागते. अशा चार-पाच वर्षांच्या वह्या शाळेत साठल्या म्हणजे मुले आपले मत आपणच बनवितील.

यात्रेच्या या दिवसांतच १२ जानेवारी येतो. १९३० च्या मे महिन्यात महात्मा गांधींच्या अटकेनंतर सोलापुरात लोकक्षोभ उसळला आणि सरकारने शहरात लष्करी कायदा पुकारला. त्या धामधुमीत झालेल्या पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांवर खटला भरण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सोलापुरात त्यांचे पुतळे आहेत. राजमाता जिजाबाई आणि स्वामी विवेकानंद यांची जयंतीही याच दिवशी असल्याने शाळांत भाषणे होतात. हुतात्म्यांचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकला जातो. सोलापूरच्या शाळेत तरी असे होऊ नये. त्या दिवशी भाषण नसले तरी चालेल. वर्गाला पुतळ्यांपाशी न्यावे आणि चारही नावे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. धनशेट्टी, हुसेन, सारडा, शिंदे या चार आडनावांतून आपल्या शहराची ओळख पटते. वर्गाच्या हजेरीपटावरही याच चालीची नावे असतात, हे एखादे मूल न सांगता बोलून दाखवील.

हजेरीपटाचा विषय निघाला म्हणून एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. कित्येक वर्गांत काही मुलांचे सण वर्षभर साजरे होतात आणि काहींचे कधीच होत नाहीत. गुढी, दहीहंडी, गणपती, दिवाळी यांचे तक्ते भिंतीवर लागतात; पण पद्मशाली विणकरांच्या मुलाला मार्कंडेय ऋषींचा रथ ठाऊक असतो, तेलुगू मुलीच्या घरी बतुकम्मा असते, कोणाच्या घरी मोहरमचे पंजे येतात, आणि या मुलांना शाळेत त्याविषयी कोणी काही विचारीत नाही. घरी जे सर्वांत आनंदाचे, ते शाळेत जणू घडलेच नाही, असे मूल शिकते. हा पाठ कोणत्याही पुस्तकात छापलेला नसतो, तथापि तो फार खोल जातो.

यावर उपाय महागडा नाही. नारळी पौर्णिमेचेच उदाहरण घ्यावे. त्या दिवशी बहुतेक शाळांत राख्या बनतात, आणि सोलापुरात त्याच दिवशी मार्कंडेयाचा रथ निघतो. एकाचा सण धाग्याचा आणि दुसऱ्याचा सण धाग्यावर पोट भरणाऱ्या समाजाचा! तेव्हा राखी बनविण्याआधी धाग्याचा पाठ घ्यावा. रंगीत कागदाच्या उभ्या पट्ट्यांचा ताणा आणि आडव्या पट्ट्यांचा बाणा करून चटईसारखी वीण घालावी. एक वर, एक खाली. मग दोन वर, एक खाली केले तर नक्षी कशी बदलते, ते पाहावे. सोलापुरी चादरीवरील फूल असेच, चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून आधी आखले जाते. मग त्या आराखड्याप्रमाणे भोके पाडलेली पत्रे जकार्ड मागावर चढतात आणि कोणता धागा उचलावयाचा ते ती भोके ठरवितात. फ्रान्समधील जकार्ड या कारागिराने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली आणि पुढे संगणकाच्या आद्य रचनाकारांनीही भोके पाडलेल्या पत्र्यांची कल्पना तिच्यावरूनच उचलली. हा पाठ चालू असताना ज्याचे वडील मागावर काम करतात ते मूल वर्गाचे शिक्षक होते. एरवी भाषेच्या तासाला खाली मान घालून बसणारे ते मूल गाठ कशी मारावी हे हेडमास्तरांनाही शिकवू लागते.

पंचांग आणि हिजरी वर्ष हा असाच दुसरा जोडपाठ. २०२४ साली ९ एप्रिलला गुढीपाडवा आणि उगादी झाली आणि ११ एप्रिलला रमजान ईद आली. २०२५ साली ३० मार्चला पाडवा आणि दुसऱ्याच दिवशी ईद. अमावास्येनंतर पश्चिमेला दिसणारी चंद्राची तीच बारीक कोर दोन घरांतील माणसे पाहत होती. हिजरी वर्ष बारा चांद्रमासांचे, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून ईद दरसाल अकरा दिवस अलीकडे सरते आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. पंचांगातही महिने चंद्राचेच, परंतु साधारण तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरून वर्ष सूर्याशी जुळवून घेतले जाते. २०२६ सालच्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे. तो येऊन गेला की २०२७ मध्ये पाडवा आणि ईद यांच्यात महिन्याभराचे अंतर पडते. एवढी माहिती देऊन थांबावे आणि पुन्हा हे दोन सण शेजारी कधी येतील, असा प्रश्न फळ्यावर ठेवावा. भागाकाराचे असे उदाहरण अंकगणिताच्या पुस्तकात मिळणार नाही.

हादग्याविषयी थोडे. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती मांडून मुली फेर धरतात. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे सोळाव्या दिवसापर्यंत वाढत जाते. मग एकूण गाणी किती म्हटली गेली? पहिला आणि सोळावा दिवस मिळून सतरा, दुसरा आणि पंधरावा मिळून सतरा, अशा आठ जोड्या, एकशे छत्तीस. शेवटी खिरापत ओळखावयाची असते. ‘गोड की तिखट?’ ‘कोरडी की ओली?’ असे विचारीत उत्तराकडे जाणे ही वर्गीकरणाची शुद्ध रीत आहे, आणि तर्कशास्त्र शिकविण्याचा याहून गोड मार्ग सापडणे कठीण. मुलांना या खेळातून वगळण्याचे काहीच कारण नाही. दिवाळीचा किल्लाही असाच; फक्त सोलापूरच्या मुलांनी दरसाल डोंगरी किल्लाच का करावा? दारातला भुईकोट, त्याचा दुहेरी तट आणि खंदक मापात करून पाहावा.

या विचारावर आक्षेप येतात. एक आक्षेप असा की, सरकारी शाळेत सण आणणे म्हणजे धर्म आणणे. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने पूर्णतः सरकारी पैशाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे, आणि ते सर्वथा योग्य आहे. पूजा घरी व्हावी, देवळात व्हावी, मशिदीत नमाज व्हावा. वर्गात आरती लावून शिक्षकाने हात जोडावयास सांगणे हे त्याचे काम नव्हे. परंतु सावली मोजणे, धागा विणणे, चंद्राची कोर नोंदविणे, शेजारच्या मुलाला ‘तुमच्या घरी त्या दिवशी काय करतात?’ असे विचारणे यांत धार्मिक शिक्षण कोठे आहे? सण दारातच अडविला तरी मुलाच्या हातावरच्या मेंदीबरोबर तो आत येतोच. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात ऋतूंचेच उत्सव केले; १९२८ साली तेथे वृक्षारोपणाचा सोहळा सुरू झाला आणि झाड लावणे हाच सण झाला. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांची शाळा उभारली ती त्यांच्या परिसरातील वस्तूंवर. पाने, बिया, शंखशिंपले हीच तेथील साधने होती. ही वाट जुनी आहे आणि चाललेली आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा कसा, असे शिक्षक विचारतात. वर सांगितलेल्या प्रत्येक कामात बेरीज, भागाकार, मापन, नकाशा, शब्दसंग्रह यांपैकी काहीतरी आहेच. तो अभ्यासक्रमच आहे. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असे म्हटले आहे. वरच्या वर्गांना जे हिताचे वाटले ते खालच्या वर्गांना अपायकारक ठरण्याचे कारण नाही.

तिसऱ्या गोष्टीला मात्र आक्षेप म्हणता येत नाही. ती तक्रार आहे आणि ती न्याय्य आहे. सणाच्या नावाखाली शाळा मुलांकडून खर्च करविते. अमुक रंगाचा पोशाख, विकतचे पतंग, सजावटीचा संच, डब्यात अमुक पदार्थ अशी यादी घरी जाते, आणि विड्या वळून दिवसाची मजुरी मिळविणाऱ्या आईला त्या यादीपुढे हतबल व्हावे लागते. मग ते मूल त्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहते. ज्या उपक्रमामुळे एक जरी मूल शाळा चुकविते तो उपक्रम शिक्षकाने खुशाल बंद करावा. काठी, खडू, मूठभर तीळ, जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, एक डबा आणि पट्टी यांपलीकडे सामान लागणार असेल तर ते शाळेने पुरवावे. पोशाखाचा तर प्रश्नच उद्भवू नये.

छायाचित्रांचाही अतिरेक झाला आहे. कार्यक्रम झाल्याचा पुरावा वर धाडावयाचा म्हणून मुलांना तास-तास रांगेत उभे केले जाते. त्यापेक्षा मुलांच्या वहीतील सावलीची रेघ हा अधिक चांगला पुरावा आहे, आणि तपासावयास आलेल्या अधिकाऱ्यांनीही तोच मागावा.

अक्कलकोटच्या बाजूच्या, कर्नाटकाला लागून असलेल्या गावांत मार्गशीर्षातील अमावास्येला शाळा आपोआप ओस पडते. सारे गाव शेतात जाते. उभ्या ज्वारीच्या रानात कोप मांडून पूजा होते, बाजरीचे उंडे, आंबील आणि नाना कडधान्यांची भज्जी यांचे वनभोजन होते. दुसऱ्या दिवशी मुले परत आली की त्यांना रागे भरण्याऐवजी भज्जीत काय काय होते त्याची यादी फळ्यावर करावी. एक मूल मराठी नाव सांगेल, दुसरे कन्नड. तिळाला कन्नडात एळ्ळु, तेलुगूत नुव्वुलु. गुळाला कन्नडात बेल्ल, तेलुगूत बेल्लम. असे शब्द शेजारी लिहिले की कोणते शब्द एकमेकांचे भाऊबंद आहेत, हे मुलांना दिसू लागते. या अमावास्येला मराठीत वेळ अमावास्या म्हणतात, खेड्यात येळवस. कन्नडात तिचे नाव एळ्ळ अमावास्या. तेव्हा ही ‘वेळ’ घड्याळाची की तिळाची, हे ज्याने त्याने घरी आजीला विचारून यावे.